फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या टायरमध्ये नेमकी किती हवा ठेवावी? (सोलापूर–मंगळवेढा–सांगोला)

प्रश्न : काळे_रान

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात राहतो. सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे आणि मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीचे रान आहे. दोन्हीकडे जाण्यायेण्यासाठी आणि हंगामात माल सोलापूरच्या मार्केट यार्डात आणण्यासाठी मी डबल केबिनची डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप वापरतो. मूळ टायर झिजल्यामुळे नुकतेच त्याच मापाचे, म्हणजे २४५/७५ आर १६ चे, पण ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या) नक्षीचे नवे टायर बसवून घेतले आहेत. त्यांच्या बाजूवर मापाच्या आधी ‘एलटी’ ही अक्षरे आहेत, मापानंतर १२०/११६ हा आकडा आहे आणि कमाल दाब ८० पीएसआय (टायरमधील हवेच्या दाबाचे माप) असा छापलेला आहे. मूळ टायरवर ‘एलटी’ नव्हते आणि भाराचा आकडा १०९ होता.

चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर पुढे ३२, मागे ३२ आणि पूर्ण भार असताना मागे ३८ असे लिहिले आहे. टायर बसवणाऱ्याने चारही चाकांत ४० भरून दिली. पंपावरील एका मुलाने गाडी उडू नये म्हणून २८ पुरे असे सांगितले, तर एका ट्रकचालकाने ८० ची क्षमता आहे तर किमान ५५ ठेवा असा सल्ला दिला. तिघेही आपापल्या अनुभवावरून बोलत असावेत. परंतु २८ आणि ५५ यांमध्ये इतके अंतर आहे की दोन्ही बरोबर असणे शक्य नाही.

माझा रस्ता तीन प्रकारचा आहे. सोलापूर ते सांगोला हा राष्ट्रीय महामार्ग, तिथून बागेपर्यंत मुरमाची पाणंद, आणि मंगळवेढ्याकडे काळ्या मातीतील शिवरस्ता, जो परतीच्या पावसात जवळजवळ बंदच होतो. जाताना गाडी रिकामी असते आणि येताना मागे क्रेट असतात. या सर्वांसाठी एकच दाब ठेवणे योग्य आहे का, आणि नसल्यास तो कसा ठरवावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : होटगी_रोड

नमस्कार. पहिली गोष्ट म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा तुमच्या गाडीसाठी सुचवलेला दाब नसतो. तो टायर अनेक प्रकारच्या गाड्यांना बसतो आणि टायर बनवणाऱ्याला तुमच्या गाडीचे वजन माहीत नसते. म्हणून मी स्वतः नेहमी दारावरील स्टिकरच पाळतो. दुसरी गोष्ट, हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर, तपासावी.

आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र मी स्टिकरपेक्षा तीन-चार पीएसआय कमीच ठेवतो, कारण दुपारी डांबर तापल्यावर आतील हवा प्रसरण पावते आणि टायर फुटण्याची भीती असते. शक्य असल्यास नायट्रोजन भरून घ्यावा, म्हणजे दाब वाढतच नाही.

उत्तर २ : अक्ष_आणि_भार

काळे_रान, तुमच्या प्रश्नाचे मर्म ‘एलटी’ या दोन अक्षरांत आहे, परंतु तिकडे वळण्यापूर्वी वरील उत्तरातील शेवटच्या परिच्छेदाविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याची ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे आणि ती धोकादायक आहे.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा आतील दाब वाढल्यामुळे नव्हे, तर टायरचे अंग तापून त्याचे थर एकमेकांपासून सुटल्यामुळे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त वाकते, आणि तार पुन्हापुन्हा वाकवली की ती जशी वाकल्या जागी तापते, तसेच रबर आणि त्यातील धागे आतून तापत जातात. भर दुपारी, भरलेल्या गाडीत, ताशी नव्वदच्या वेगाने ही उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. उन्हामुळे दाब चार-पाच पीएसआयने वाढला तरी चांगल्या स्थितीतील टायरला त्याने काही होत नाही, कारण ही वाढ गृहीत धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. म्हणून आपल्या भागात मे महिन्यात हवा कमी ठेवणे हे नेमके उलट दिशेचे पाऊल आहे, आणि गरम टायरमधील वाढलेली हवा पिन दाबून सोडून देणे हे त्याहूनही वाईट, कारण टायर निवल्यावर तो अधिकच कमी दाबावर येतो. टायर गरम झाल्यावर हवा सोडायची नाही, एवढे पथ्य प्रत्येकाने पाळावे.

नायट्रोजनविषयी सांगायचे तर साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाबरोबर दोघांचाही दाब जवळपास सारखाच वाढतो. कोरडा नायट्रोजन भरल्याने आत ओलावा राहत नाही आणि गळती किंचित मंदावते. पण दाब वाढतच नाही, हे खरे नाही.

आता मूळ प्रश्न. एकाच मापाचे दोन टायर समान दाबावर समान वजन पेलतातच असे नाही. मोटारीच्या वर्गातील २४५/७५ आर १६ टायर, ज्याचा भारांक, म्हणजे बाजूवर छापलेला भाराचा सांकेतिक आकडा, १०९ आहे, तो जास्तीत जास्त १०३० किलो वजन पेलतो, आणि हे वजन अमेरिकी मापनपद्धतीत ३५ पीएसआयला धरलेले आहे. एलटी म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गातील टायर. त्याचा भारांक १२० म्हणजे १४०० किलोच्या आसपास, परंतु ही क्षमता ८० पीएसआयला मिळते. त्याच एलटी टायरमध्ये ३५ पीएसआय भरली तर अमेरिकेच्या टायर अँड रिम असोसिएशनच्या तक्त्यानुसार तो साधारण ७७० किलोच पेलतो, ४५ ला सुमारे ९२० किलो आणि ५० ला सुमारे १००० किलो. म्हणजे टायर अधिक दणकट आहे म्हणून त्याला कमी हवा चालेल, हा तर्क इथे पूर्ण उलटा पडतो. दणकट टायरची बाजू जाड असते, धाग्यांचे थर जास्त असतात. ते अंग वाकले की अधिक तापते, आणि म्हणून तेच वजन उचलण्यासाठी त्याला अधिक हवा लागते. तुमच्या दारावरील स्टिकर मूळ टायरसाठी लिहिलेला आहे. तो आता निरुपयोगी झालेला नाही, पण एलटी टायर बसवल्यावर त्याला खालची मर्यादा समजावे.

एकदा हे ध्यानात आले की पुढील प्रश्न उरतो तो प्रत्यक्ष प्रत्येक चाकावर किती वजन येते हा, आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आणि बाजार समित्यांचा आहे. वजनकाटा कुठेही मिळतो. गाडी प्रथम फक्त पुढच्या चाकांवर काट्यावर घ्यावी, मग पूर्ण गाडीचे वजन करावे, आणि मग पुढची चाके काट्याबाहेर काढून फक्त मागच्या चाकांचे. काट्याच्या आधीची आणि नंतरची जमीन काट्याच्या पातळीला असावी, नाहीतर वजन एका अक्षावरून दुसऱ्यावर सरकते. पुढचे आणि मागचे मिळून पूर्ण वजनाशी जुळले पाहिजे; वीस-तीस किलोचा फरक चालतो. हे एकदा रिकाम्या गाडीचे आणि एकदा नेहमीइतका माल भरलेल्या गाडीचे करा आणि आकडे इथे लिहा. पिकअपमध्ये मालाचे जवळजवळ सर्व वजन मागच्या अक्षावर जाते, त्यामुळे मागच्या चाकांचा आकडा पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

काळे_रान

आपण सांगितल्याप्रमाणे वजन करून आणले. मी एकटा असताना रिकाम्या गाडीचे पूर्ण वजन १९५० किलो भरले. पुढे ११४०, मागे ८१०. वीस किलोचे तीस क्रेट भरून आणि बरोबर एक गडी घेऊन पूर्ण वजन २६८० किलो झाले. पुढे ११८०, मागे १५००. माल चढवल्यावर पुढचे वजन फक्त चाळीस किलोने वाढले आणि मागचे जवळजवळ दुप्पट झाले. नोंदणी पुस्तकातील कमाल वजनाच्या मर्यादेत हे बसते, तेही पाहून घेतले.

उत्तर ३ : अक्ष_आणि_भार

उत्तम. आता हिशेब सोपा आहे. भरलेल्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकावर ७५० किलो येतात. तुमचा टायर ३५ पीएसआयला सुमारे ७७० किलो पेलतो, म्हणजे वीसच किलोचा वाव उरतो. खड्डा, वळण, ब्रेक आणि एका बाजूला जास्त रचलेले क्रेट, यांपैकी कशालाही तो पुरणारा नाही. मागे ४५ ठेवली तर क्षमता ९२० किलोच्या आसपास जाते आणि वीस टक्क्यांहून अधिक राखीव राहते. माल भरलेला असताना महामार्गावर मागे ४५ हा माझ्या मते योग्य आकडा आहे. पुढच्या चाकांवर प्रत्येकी ५९० किलो येतात; त्यांना ३५ पुरेशी आहे.

रिकाम्या गाडीत मागच्या चाकावर जेमतेम ४०५ किलो आहेत. इथे ४५ ठेवली तर गाडी खडबडीत रस्त्यावर उडेल, ओल्या डांबरावर मागची बाजू लवकर घसरेल आणि टायर मधोमध झिजेल. म्हणून रिकामी असताना चारही चाकांत ३५ ठेवा. केवळ वजनाकडे पाहिले तर मागे याहून कमी चालेल असे वाटेल, परंतु एलटी टायरचे तक्ते ३५ च्या खाली जात नाहीत आणि महामार्गाच्या वेगाला त्याखाली जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पंपावर सांगितलेली २८ त्यामुळे बाद होते. ट्रकचालकांनी सांगितलेली ५५ मागच्या प्रत्येक चाकावर हजार किलोंहून अधिक भार असता तर पटण्यासारखी होती. तुमचा भार तेवढा नाही. टायर बसवणाऱ्याची ४० रिकाम्या गाडीला जास्त होते, आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना तिने अवघा शंभर किलोच्या आसपासचा वाव मिळतो.

हा हिशेब प्रत्यक्षात उतरतो का, हे तपासण्याची एक पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातील फोर-व्हील-ड्राइव्ह चालकांमध्ये ती विशेष प्रचलित आहे. सकाळी थंड टायरचा दाब लिहून ठेवायचा, नेहमीच्या वेगाने तासभर गाडी चालवायची आणि थांबताक्षणी पुन्हा मोजायचा. मोटारीच्या वर्गातील टायरमध्ये दाब सुमारे चार पीएसआयने आणि एलटी टायरमध्ये सुमारे सहाने वाढला तर सुरुवातीचा दाब त्या भाराला आणि वेगाला योग्य होता असे समजतात. त्याहून बरीच अधिक वाढ झाली तर टायर जास्त वाकून तापला, म्हणजे सुरुवातीला हवा कमी होती. वाढ फारच थोडी असेल तर हवा जास्त होती.

ही पद्धत सोलापुरात वापरताना एक पथ्य पाळावे लागते. सकाळी सहाला २६ अंशांवर मोजलेला दाब आणि दुपारी दोनला ४२ अंशांवर मोजलेला दाब यांच्यात, गाडी जागची हललीसुद्धा नसेल तरी, अडीच पीएसआयहून अधिक फरक पडतो. म्हणून तपासणी पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावी. उभ्या गाडीच्या एका बाजूच्या टायरवर ऊन आणि दुसऱ्या बाजूवर सावली असेल, तरीही दोन-तीन पीएसआयचा खोटा फरक दिसतो आणि लोक विनाकारण हवा समान करत बसतात.

ऋतूंचाही असाच हिशेब आहे. मे महिन्यात ४० अंशांवर, गाडी उभी असताना, ३५ भरलेला टायर जानेवारीच्या पहाटे १५ अंशांवर कोणतीही गळती नसताना सुमारे ३१ दाखवेल. त्यात टायरच्या रबरातून दर महिन्याला साधारण एक पीएसआय झिरपून जाते ती वेगळी. तेव्हा दिवाळीनंतर थंडी पडू लागली की एकदा आवर्जून हवा भरून घ्यावी.

उत्तर ४ : जुळे_सोलापूर_टायर

मी गेली अनेक वर्षे टायरच्या व्यवसायात आहे आणि माझे बरेच ग्राहक मंगळवेढा, मोहोळ, सांगोला या भागांतील शेतकरी आहेत. महामार्गाचा हिशेब वर उत्तम मांडला आहे. पाणंद आणि काळ्या रानाविषयी मी लिहितो.

मुरमाच्या पाणंदीवर हवा थोडी कमी केली तर तीन फायदे होतात. टायरचा जमिनीवरील ठसा लांब होतो आणि पकड वाढते, टोकदार दगड टायरच्या नक्षीत रुतून बसण्याऐवजी टायर त्याच्यावरून वाकून जातो, आणि मागील क्रेटमधील डाळिंबांना हादरे कमी बसतात, ज्याचा पैसा थेट बाजारात दिसतो. महामार्गाच्या दाबापेक्षा वीस ते पंचवीस टक्के कमी, म्हणजे रिकाम्या गाडीत २७-२८ आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांत ३४-३५, एवढे पुरे. भरलेल्या गाडीला ३४ चालते ती केवळ वेग कमी असल्यामुळे. त्या दाबावर गाडी ताशी चाळीसच्या पुढे नेऊ नये आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. इंटरनेटवर दिसणारे १५-१८ चे आकडे वाळूसाठी आहेत. आपल्या मुरमाला ते लागू नाहीत.

याला आपल्या भागापुरते एक महत्त्वाचे बंधन आहे, ते म्हणजे वेडी बाभूळ. पाणंदीच्या दोन्ही अंगांना ती माजलेली असते, आणि लोक ती तोडतात तेव्हा काटेरी फांद्या चाकोरीतच पडून राहतात. हवा कमी केली की टायरची बाजू बाहेर फुगते आणि नेमकी तीच काट्यांच्या वाटेत येते. नक्षीच्या भागात काटा शिरला तर पट्टी घालून काम भागते, पण बाजूला पडलेले छिद्र दुरुस्त करून महामार्गावर चालवण्यायोग्य होत नाही. नवा टायरच घ्यावा लागतो. दुकानात येणाऱ्या बाद टायरांमध्ये दगडाने चिरलेल्यांइतकेच बाजूला काटा गेलेले असतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून जिथे बाभळी आहेत तिथे २८ च्या खाली जाऊ नका, आणि पाणंद स्वच्छ असेल तरच आणखी थोडी कमी करण्याचा विचार करा.

काळ्या मातीचे शास्त्र निराळे आहे. चिखलाखाली मुरूम किंवा खडक असेल तर थोडी जास्त हवा ठेवून टायरने चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत जाणे फायद्याचे ठरते. कोकणाच्या वाटेवरील घाटात हे चालते. मंगळवेढ्याच्या रानात मात्र काळी माती इतकी खोल आहे की खाली टणक थर हाताला लागत नाही. अशा ठिकाणी जास्त हवेचा टायर फिरत फिरत खाली जातो आणि गाडी डिफरन्शियलवर, म्हणजे धुरीच्या मधोमध असलेल्या गिअरपेटीवर, टेकते. इथे रिकाम्या गाडीत १८ ते २० पर्यंत हवा उतरवून टायर पसरवावा, लो-रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या टप्प्यात) दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने चालवावे आणि चाक जागीच फिरू लागले की लगेच थांबावे. या दाबावर वेग ताशी वीस-तीसच्या आत हवा आणि स्टिअरिंग एकदम वळवू नये, कारण जोराच्या वळणात टायरची कड रिमवरून निसटू शकते. १५ च्या खाली हा धोका फार वाढतो. ज्यांच्या गाडीत ट्यूबचे टायर आहेत त्यांनी तर इतकी हवा कमी करूच नये. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो.

एवढे करूनही पाऊस पडल्या पडल्या काळ्या रानात गाडी घालणे हे टायरच्या दाबाने सुटणारे काम नाही. ती माती ओली झाली की फुगते, नक्षीत घट्ट बसते, चाकाच्या कमानीत साचते आणि ऑल-टेरेन टायरचा काही फेऱ्यांत गुळगुळीत रूळ होतो. हवा १८ असो वा ३५, त्या क्षणी फरक पडत नाही. पेरणीसाठी आपण जशी वाफशाची वाट पाहतो, तशीच गाडी घालण्यासाठीही पाहावी. रान वाफशावर आले की २० वर गाडी आरामात जाते, चाकोऱ्या खोल पडत नाहीत आणि जमीनही कमी दबते. ज्वारीच्या रानात पुढील पिकाच्या मुळांसाठी ही गोष्ट लहान नाही. उन्हाळ्यात त्याच रानाला रुंद भेगा पडलेल्या असतात. तिथे रिमला मार बसू नये म्हणून २६-२८ पेक्षा कमी हवा नको.

हवा उतरवणे दोन मिनिटांचे काम आहे, भरणे मात्र वेळखाऊ आहे, त्यामुळे गाडीत स्वतःचा काँप्रेसर नसेल तर हवा उतरवूच नये. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान काँप्रेसर या मापाच्या चार टायरांना अपुरे पडतात आणि फ्यूज जातो. थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडण्याचा काँप्रेसर घ्यावा, इंजिन चालू ठेवावे आणि दोन टायर भरले की त्याला थोडी विश्रांती द्यावी.

काळे_रान

अतिशय आभारी आहे. वाफशाचा मुद्दा तर आमच्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या बाबतीत नेहमी सांगितलेला आहे, तो पिकअपलाही लागू करायला हवा. दोन शंका उरतात. पुढे ३५ आणि मागे ४५ असा दहाचा फरक असताना फोर-व्हील टाकली तर चाकांचे घेर वेगळे होऊन ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येईल का? आणि चारही चाकांच्या व्हॉल्व्हवर बसवण्याचे दाब दाखवणारे सेन्सर घेतले, तर रोज गेज लावण्याची गरज उरते का?

उत्तर ५ : अक्ष_आणि_भार

पहिली शंका रास्त आहे, पण रेडियल टायरमध्ये तिची फारशी चिंता नको. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि चाक एका फेऱ्यात किती अंतर कापते हे मुख्यतः त्या पट्ट्याच्या लांबीवर ठरते. हवा कमी-जास्त झाली की धुरीची जमिनीपासूनची उंची बदलते, पण पट्ट्याची लांबी बदलत नाही, म्हणून फेऱ्याच्या अंतरात पडणारा फरक अगदी थोडा असतो. शिवाय तुमच्या गाडीत मागच्या चाकांवर भारही अधिक आहे, त्यामुळे ४५ वरही ती चाके पुढच्यांपेक्षा उंच उभी राहत नाहीत. खरा ताण येतो तो दोन कारणांनी. पुढच्या आणि मागच्या धुरींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकणे हे पहिले, कारण वळणात पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो फरक सोडवायला मऊ जमीन नसते. पुढे नवे आणि मागे झिजलेले, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर घालणे हे दुसरे. तिथे पट्ट्याचा घेर आणि नक्षीची खोलीच वेगळी असते. तुम्ही चारही टायर एकदम बदललेत ते योग्यच केले. आता ते वेळोवेळी पुढे-मागे फिरवत राहा आणि फिरवल्यावर दाब नव्या जागेप्रमाणे बदलायला विसरू नका.

सेन्सर जरूर घ्या, परंतु त्यांच्या इशाऱ्यावर विसंबू नका. कारखान्यातून बसून येणाऱ्या यंत्रणांसाठी अमेरिकेच्या नियमात ठरवून दिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर इशारा देणे बंधनकारक आहे. हाच हिशेब तुमच्या ४५ ला लावला तर इशारा ३४ च्या आसपास मिळेल, आणि आपण वर पाहिले की ३५ लाच तुमच्या भरलेल्या गाडीचा वाव जवळपास संपतो. म्हणजे दिवा लागेल तेव्हा टायर आधीच त्याच्या क्षमतेबाहेर गेलेला असेल. बाजारातील सेन्सरमध्ये इशाऱ्याची मर्यादा स्वतः ठरवता येते. माल भरलेला असताना मागच्या चाकांसाठी ती ४० वर आणि रिकाम्या गाडीसाठी ३१ वर ठेवा. चालत्या गाडीत दिसणारे आकडे गरम टायरचे असतात, त्यांची तुलना थंड आकड्यांशी करू नका. आणि पाणंदीवरच्या झुडपांत व्हॉल्व्हवरचा जड सेन्सर अडकून तुटू शकतो, तेव्हा रबरी व्हॉल्व्ह असल्यास धातूचे बसवून घ्या.

गेजविषयी एवढेच सांगेन की एक बरे गेज विकत घ्या आणि नेहमी तेच वापरा. वेगवेगळ्या पंपांवरील यंत्रांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज आढळतो. घरी पहाटे स्वतःच्या गेजने मोजावे, किती कमी आहे ते लिहून ठेवावे, आणि पंपावर जाईपर्यंत टायर थोडा तापून आकडा वाढलेला दिसला तरी तेवढीच भर घालावी. म्हणजे घरी मागे ४१ भरली असेल आणि ४५ हवी असेल, तर पंपाच्या यंत्रावर जो आकडा दिसेल त्यात चार मिळवावेत.

उत्तर ६ : जुळे_सोलापूर_टायर

एक गोष्ट राहिली. स्टेपनीमध्ये नेहमी सर्वांत जास्त लागणारा दाब, म्हणजे तुमच्या बाबतीत ४५ किंवा त्याहून दोन-तीन अधिक, भरून ठेवा. पुढच्या चाकाला लावायची वेळ आली तर जागेवर हवा सोडता येते. कमी असेल तर मात्र भरलेली गाडी घेऊन काँप्रेसर शोधावा लागतो. पिकअपची स्टेपनी गाडीखाली टांगलेली असल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि दुकानात येते तेव्हा तिच्यात बहुधा वीसदेखील नसते. तुमची जुनी स्टेपनी मूळ टायरची, म्हणजे १०९ भारांकाची असेल, तर ती मागच्या चाकाला लावून फोर-व्हील टाकू नका. सावकाश चालवत जवळच्या दुकानापर्यंत या आणि पंक्चर काढून मूळ चाक परत बसवून घ्या. तिच्या बाजूवर छापलेला कमाल दाब एलटी टायरपेक्षा बराच कमी असतो. तो वाचून घ्या आणि तिच्यात त्या मर्यादेपलीकडे हवा भरू नका, मग गाडीत कितीही क्रेट असोत.